रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, जांबोटीजवळ हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी कातळांतून वाहते आणि खानापूरकडे उतरते, हे आपल्या भागातील लहान मुलालाही ठाऊक आहे. पुढे नविलुतीर्थाच्या धरणात अडविलेले तिचेच पाणी हुबळी-धारवाडचे लोक पितात आणि अखेरीस ती कूडलसंगमला कृष्णेत विलीन होते. मी मूळचा जांबोटीचा असल्यामुळे या नदीविषयी थोडे अधिक ममत्व वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

याच डोंगरातील कळसा आणि बंडुरा हे दोन नाले गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत गाजत आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये म्हादई जलतंटा लवादाने निवाडा दिला आणि मलप्रभेच्या खोऱ्यात वळविण्यासाठी या दोन्ही नाल्यांचे मिळून ३.९ टीएमसी पाणी कर्नाटकाच्या वाट्याला ठेवले. या वादात कोणाची बाजू घेण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु पाणी किती यावर आपण जेवढे बोलतो, त्याच्या दशांशानेही पाणी कसे यावर बोलत नाही, ही गोष्ट मला रसायनशास्त्राचा प्राध्यापक या नात्याने नेहमी खटकते. आपला सीमाभाग उसाचा आणि मागाचा. बेळगाव जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. पलीकडे इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. त्या बाजूची पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते आणि तीच कृष्णा पुढे आपल्या जिल्ह्यात शिरते. पाण्याला सीमाप्रश्न ठाऊक नसतो.

कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या अत्यंत दूषित सांडपाण्यावर ‘प्रगत ऑक्सिडीकरण’ नावाची एक उपचारपद्धती अलीकडे बरीच बोलली जाते. ती काय आहे, कोठे उपयोगी पडते आणि तिच्याकडून काय अपेक्षा करू नये, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे. कला आणि वाणिज्य शाखेच्या मित्रांनी रसायनांची नावे पाहून पान उलटू नये. गणित आठवीच्या पलीकडचे नाही.

दूषितपणा मोजायचा कसा?

पाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्याची दोन मापे आहेत. जिवाणूंना ती घाण पाच दिवसांत (आपल्याकडे २७ अंश तापमानाला तीन दिवसांत) खाऊ दिली, तर त्यांना जेवढा प्राणवायू लागतो तो म्हणजे जैविक प्राणवायू मागणी, अर्थात बीओडी. तीच घाण पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल यांच्या साहाय्याने दोन तास उकळून जवळजवळ पूर्णपणे ऑक्सिडीकृत केली, तर लागणारा प्राणवायू म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणी, अर्थात सीओडी. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी आपल्या देशात सर्वसाधारण मर्यादा बीओडीला लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि सीओडीला २५० मिलिग्रॅम अशी आहे.

या दोन आकड्यांपेक्षा त्यांचे गुणोत्तर अधिक बोलके असते. घरगुती सांडपाण्यात बीओडी हा सीओडीच्या जवळजवळ निम्मा असतो. याचा अर्थ असा की त्यातील बरीचशी घाण जिवाणूंना पचते. त्यांना हवा पुरविली की काम भागते. हे गुणोत्तर ०.२ च्या खाली गेले की समजावे, पाण्यात जिवाणूंना न पचणारे किंवा त्यांना मारक असे काही तरी आहे. कापडाचे रंग, औषधांचे अवशेष, कीटकनाशके, फिनॉलवर्गीय द्रव्ये आणि डिस्टिलरीच्या पाण्यातील मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी रंगद्रव्य ही या वर्गातील मंडळी. जिवाणू त्यांच्याकडे ढुंकूनही पाहात नाहीत.

आमच्या जांबोटीकडे चुलीत अख्खा ओंडका कोणी घालीत नाही. कुऱ्हाडीने त्याच्या ढलप्या केल्या की तो पेटतो. जिवाणूंची गोष्ट अशीच आहे. मोठा, कठीण रेणू त्यांना पेलत नाही. तो फोडून दिला तर पुढचे काम ते फुकटात करतात. प्रगत ऑक्सिडीकरण ही ती कुऱ्हाड होय.

कुऱ्हाडीचे पाते

या कुऱ्हाडीचे पाते म्हणजे हायड्रॉक्सिल मूलक. पाण्याच्या रेणूतून हायड्रोजनचा एक अणू काढून घेतला तर जे उरते ते हे मूलक. त्याच्याजवळ एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो आणि जोडीदार मिळविण्यासाठी तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. ऑक्सिडीकरणाची शक्ती व्होल्टमध्ये मोजतात. क्लोरिनची ती १.३६, हायड्रोजन पेरॉक्साइडची १.७८, ओझोनची २.०७ आणि हायड्रॉक्सिल मूलकाची २.८० आहे. त्याच्या पुढे फ्लोरिनसारखे एखादेच द्रव्य. मात्र हे मूलक सेकंदाच्या दशलक्षांशाइतका काळही टिकत नाही. बाटलीत भरून ते विकत आणता येत नाही, जेथे वापरायचे तेथेच, त्याच पाण्यात, क्षणोक्षणी तयार करावे लागते. सर्व प्रगत ऑक्सिडीकरण पद्धतींचे मर्म एवढेच आहे. भेद आहे तो मूलक तयार करण्याच्या रीतीत.

सर्वांत जुनी रीत हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. फेरस लवण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्लाचे जलद ऑक्सिडीकरण होते, हे त्याने १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागे हायड्रॉक्सिल मूलकाचा हात असावा, असे हाबर आणि वाइस यांनी १९३४ मध्ये मांडले. ही क्रिया शब्दांत अशी:

फेरस आयन + हायड्रोजन पेरॉक्साइड → फेरिक आयन + हायड्रॉक्साइड आयन + हायड्रॉक्सिल मूलक

सामू ३ च्या आसपास असला तर ही क्रिया उत्तम चालते. तो वाढला की लोह फेरिक हायड्रॉक्साइडच्या रूपाने तळाशी बसते आणि काम थंडावते. ‘प्रगत ऑक्सिडीकरण’ हे नाव मात्र अलीकडचे. अमेरिकेत विल्यम ग्लेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ते रूढ केले. ओझोनला पेरॉक्साइडची जोड देणे, पेरॉक्साइडवर जंबुपार म्हणजे अतिनील किरण सोडणे, टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर प्रकाश पाडणे, या त्याच कुटुंबातील इतर रीती होत.

आणखी एक रीत आपल्या उद्यमबागेतील कारागिरांना वेगळ्या नावाने ठाऊक आहे. पंपाच्या इम्पेलरला काही काळाने बारीक खड्डे पडतात. पाण्याचा दाब एखाद्या जागी एकदम घसरला की तेथे वाफेचे सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि दाब पुन्हा वाढताच ते मिटतात. मिटताना त्या इवल्याशा जागेत हजारो अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब क्षणभर निर्माण होतो. धातूला खड्डा पाडणारी हीच शक्ती पाण्याचा रेणू फोडून हायड्रॉक्सिल मूलक देते. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. पंपवाल्यांचा हा शत्रू मुद्दाम पाळून, पाणी बारीक छिद्रातून दाबाने सोडून सांडपाणी सुधारण्याचे मोठे काम मुंबईच्या माटुंग्यात, पूर्वीच्या यूडीसीटीत आणि आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. अनिरुद्ध पंडित व प्रा. पराग गोगटे यांनी केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विवेक रानडे व डॉ. विनय भांडारी यांनी याच कामासाठी भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे, एकही फिरता भाग नसलेले साधन विकसित केले. या विषयात जगभर ज्यांचे लेखन वाचले जाते, त्यांत ही नावे आहेत.

वर्गातला एक प्रयोग

पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी एक प्रयोग दाखवितो. दोन चंचुपात्रांत मेथिलीन ब्लूचे निळे पाणी घेऊन विरल गंधकाम्लाने त्याचा सामू ३ वर आणावयाचा. पहिल्या पात्रात फक्त थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालावयाचे. दुसऱ्यात तेवढेच पेरॉक्साइड आणि चिमूटभर फेरस सल्फेट. पहिले पात्र निळेच राहते. दुसऱ्यातील निळाई काही मिनिटांत फिकी पडत नाहीशी होते. मग त्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घातले की लोखंडाचा तांबूस साका खाली बसतो आणि वरचे पाणी नितळ दिसते.

वर्गात या वेळी एखादा तरी म्हणतोच, “सर, झाले की पाणी शुद्ध!” प्रयोग दाखविण्याचा माझा खरा हेतू हे वाक्य ऐकण्याचाच असतो. कारण याच वाक्यावर अनेकदा गावेच्या गावे फसतात.

रेणूचा रंग हा त्याच्या एका लहानशा भागामुळे असतो. कापडाच्या अनेक रंगांत दोन नायट्रोजन अणूंचा एक पूल असतो. त्याला अॅझो बंध म्हणतात. तो तुटला की रंग जातो, परंतु पुलाच्या दोन्ही टोकांची बेंझिनची कडी पाण्यातच राहतात. त्यातून निपजणारी काही अॅरोमॅटिक अमाइने मूळ रंगाहून अधिक घातक असतात. म्हणून रंग गेल्यावरही सीओडी जवळजवळ पूर्वीइतकाच भरतो, असे बऱ्याच वेळा आढळते. मूलकांचा मारा पुरेसा चालू ठेवला तर कडी फुटतात, त्यांची साधी सेंद्रिय आम्ले होतात आणि अगदी शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. रंग जाणे हा या प्रवासाचा पहिला थांबा होय, मुक्काम नव्हे.

ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजे औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि देशभर गवगवा झाला. तो होणे योग्यच होते. परंतु तेच रसायन बिनरंगाचे असते, तर कुत्री तशीच भिजली असती आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. आपण नदी डोळ्यांनी तपासतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या विषासाठी प्रयोगशाळेचाच आधार घ्यावा लागतो.

हिशेबाची वही

आता कोणी विचारील, एवढी तिखट कुऱ्हाड हाताशी आहे, तर सगळेच सांडपाणी तिने का तोडू नये? याचे उत्तर हिशेबात आहे.

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. मळीपासून मद्यार्क करताना दर लिटरमागे साधारण आठ ते पंधरा लिटर गडद तपकिरी पाणी उरते. त्याला स्पेंट वॉश म्हणतात. त्याचा सीओडी लिटरमागे सुमारे एक लाख मिलिग्रॅम, म्हणजे नदीसाठीच्या मर्यादेच्या चारशेपट. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण आपल्या देशात २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. त्यामुळे डिस्टिलऱ्या वाढल्या आणि हा प्रश्नही वाढला.

समजा, एक डिस्टिलरी दिवसाला ६० हजार लिटर मद्यार्क काढते. लिटरमागे दहा लिटर धरले तर ६ लाख लिटर स्पेंट वॉश झाला. लिटरमागे १०० ग्रॅम सीओडी म्हणजे दिवसाला ६० टन सीओडी. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या ३४ ग्रॅमांतून कामाचा प्राणवायू मिळतो १६ ग्रॅम. म्हणून एक किलो सीओडीसाठी निदान २.१२५ किलो शुद्ध पेरॉक्साइड हवे. साठ टनांसाठी दररोज सुमारे १२७ टन. बाजारात मिळते ते निम्मे पाणी असलेले, म्हणजे रोज २५५ टन! कोणताही कारखाना हे करू शकणार नाही, आणि करूही नये.

उलट हेच पाणी बंद टाकीत, हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूंच्या हवाली केले आणि त्यांनी त्यातील ६५ टक्के सीओडी खाल्ला, तर किलोमागे ०.३५ घनमीटर या हिशेबाने दिवसाला साडेतेरा हजार घनमीटरांहून अधिक मिथेन वायू मिळतो. एका मार्गाने गेले तर पैसा जळतो, दुसऱ्याने गेले तर बॉयलर जळतो. म्हणून पहिला मान जिवाणूंचा.

परंतु जिवाणूंचे जेवण झाल्यावर जे उरते ते त्यांना न पचणारे असते. पाणी तपकिरीच राहते आणि बीओडी-सीओडीचे गुणोत्तर खाली येते. येथे कुऱ्हाडीची पाळी येते, आणि तीही बेताने. नागपूरची नीरी ही राष्ट्रीय संस्था आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था येथील संशोधकांनी मिळून असेच, बायोगॅस काढून घेतल्यानंतरचे, डिस्टिलरीचे पाणी कॅव्हिटेशनमधून नेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बीओडी-सीओडी गुणोत्तर दुपटीहून अधिक वाढून ०.३२ पर्यंत गेले. सगळी घाण नष्ट करण्याचा अट्टहास त्यांनी केला नाही. ती पुन्हा जिवाणूंच्या दाताखाली येईल एवढीच फोडली. मला या प्रयोगातील हा शहाणपणा फार मोलाचा वाटतो.

प्रत्यक्षात आज मोठ्या डिस्टिलऱ्यांत स्पेंट वॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मिसळून खत करतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३ च्या सनदेने डिस्टिलऱ्यांपुढे शून्य उत्सर्गाचे उद्दिष्ट ठेवले, त्याचा हा परिणाम. प्रगत ऑक्सिडीकरणाचे खरे क्षेत्र आहे ते प्रमाणाने थोड्या पण जातीने जहाल अशा पाण्याचे: औषध कारखान्याचा एखादा प्रवाह, रंगाच्या कुंडातील शेवटचे पाणी, कीटकनाशकाची धुवण. असा प्रवाह इतर पाण्यात मिसळण्यापूर्वी वेगळा काढून त्यावर इलाज केला तर थोड्या खर्चात मोठे काम होते. एकदा तो सगळ्या पाण्यात मिसळला की कुऱ्हाड वाया जाते, कारण मूलक आपपरभाव जाणत नाही. वाटेत कार्बोनेट किंवा क्लोराइड भेटले तरी त्यावरच खर्च होऊन जाते.

फसगतीच्या जागा

कोणतेही औषध अंगावर उठू शकते, तसेच याचेही आहे. फेंटनच्या रीतीत आधी आम्ल घालायचे, नंतर चुन्याने ते मारायचे. त्यामुळे पाण्यातील क्षार वाढतात आणि लोहाचा गाळ साचतो. त्या गाळात विषारी द्रव्ये असू शकतात. तो मागच्या बाजूच्या खड्ड्यात टाकला तर नदीची घाण विहिरीत नेल्यासारखे झाले. पाण्यात क्लोराइड फार असेल तर क्लोरिनयुक्त नवी सेंद्रिय द्रव्ये तयार होण्याची भीती असते. ब्रोमाइड असलेल्या पाण्यात ओझोन सोडला तर ब्रोमेट होते, आणि ते कर्करोगकारक मानले जाते.

मोजमापातही एक खोच आहे. उरलेले पेरॉक्साइड सीओडीच्या परीक्षेत स्वतःच डायक्रोमेट खाते. लिटरमागे एक मिलिग्रॅम पेरॉक्साइड उरले तर सीओडी ०.४७ मिलिग्रॅमपर्यंत वाढलेला दिसतो. सामू वाढवून किंवा कॅटलेज विकर घालून ते नष्ट केल्यावाचून घेतलेला आकडा खरा धरता येत नाही. आणि याच्या उलट, आकडा खाली आणण्याची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे बोअरचे पाणी मिसळणे. त्याने लिटरमागचे मिलिग्रॅम घटतात. नदीत जाणारे किलो मात्र तेवढेच राहतात.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

दरवर्षी आपल्या महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली साखर कारखान्यांना, सूतगिरण्यांना आणि औद्योगिक वसाहतींना भेट देतात. यंत्रे पाहून, चहा घेऊन आपण परततो. पुढच्या वेळी सांडपाण्याच्या टाकीपर्यंत जावे आणि चार प्रश्न नम्रपणे विचारावेत.

पहिला प्रश्न: प्रक्रियेच्या आधी आणि नंतर बीओडी व सीओडी किती, की केवळ रंग पाहून समाधान मानले जाते? दुसरा: सर्वांत जहाल प्रवाह वेगळा काढला आहे, की सगळे एकत्र? तिसरा: उरलेला गाळ कोठे जातो? चौथा: एक घनमीटर पाण्याला वीज आणि रसायने किती लागतात, आणि यंत्रणा रात्रीही चालते काय?

चौथा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण तोच सर्वांत कठीण आहे. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ सालचा आहे. फेंटनची क्रिया त्याहूनही ऐंशी वर्षे जुनी आहे. आपल्याकडे ज्ञान आहे आणि कायदाही आहे. महागडी यंत्रणा तपासणीच्या दिवसापुरती चालवायची की वर्षाचे ३६५ दिवस, हे मात्र रसायनशास्त्र ठरवीत नाही. ते ठरविणारे उद्याचे अभियंते, व्यवस्थापक, अधिकारी आणि पत्रकार आज आपल्याच वर्गांतून बसले आहेत. मलप्रभेचे पाणी कणकुंबीला जसे निघते तसे कूडलसंगमपर्यंत राहील अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु वाटेत त्यात काय मिसळले, हे नदीकाठच्या माणसाला आकड्यांत कळावे, एवढी मागणी वाजवी आहे आणि ती करण्याइतके रसायनशास्त्र प्रत्येक पदवीधराला यावे.